मांडीवरचं मूल आणि विमानाचा पट्टा: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमचा मुलगा तेरा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, दिल्लीहून पुण्याला येत होतो. लोहगावला उतरायला वीसेक मिनिटं असतील, तो रडतोय म्हणून मी त्याचा छोटा पट्टा सोडून त्याला खांद्याशी घेतलं होतं. क्रूमधल्या मुलीने येऊन पट्टा लावायला सांगितलं, मी "हो, लावते" म्हणाले आणि लावला नाही. ती परत आली आणि मी लावेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्यानंतर पाच मिनिटांत ढगात विमान असं खाली बसलं की माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली वर उडाली. मुलगाही उचलला गेला, पट्ट्याला अडकला आणि परत मांडीवर आला. माझे दोन्ही हात त्याच्याभोवती होते, तरी तो हातांतून निसटल्याचं मला स्पष्ट जाणवलं. त्यानंतर मी या विषयावर जे वाचलं, विचारलं आणि पुढच्या प्रवासांत करून पाहिलं, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडते आहे.

मी बाळाला घट्ट धरून ठेवलं तर पुरत नाही का?

नाही पुरत. आईबापाच्या मायेत किंवा ताकदीत काही कमी आहे असं मुळीच नाही. हा वजनाचा हिशोब आहे.

विमानाच्या जुन्या सीट नऊपट गुरुत्वाकर्षणाचा पुढच्या दिशेचा धक्का सहन करतील अशा बनवत. १९८८ नंतरच्या नियमांनुसार नव्या आराखड्याच्या विमानांत ही मर्यादा सोळापट झाली. म्हणजे जिथे सीट आणि तिचा पट्टा टिकून प्रवासी वाचू शकतो, अशा अपघातात दहा किलोचं मूल क्षणभर नव्वद ते एकशेसाठ किलोंच्या जोराने पुढे खेचलं जाऊ शकतं. पन्नास किलोची तीन पोती अचानक पुढे फेकली गेली तर ती हातांनी कोण धरेल?

अपघात दुर्मीळ आहेत, हे खरंच. हवेतले धक्के मात्र दुर्मीळ नाहीत, आणि ते मुलाला वर उचलतात. २१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर अशा धक्क्यांत सापडलं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने दिलेली माहिती वाचून माझ्या अंगावर काटा आला: ०.६ सेकंदात उभा भार (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. उणे १.५ चा अर्थ असा की दहा किलोचं मूल छताच्या दिशेने पंधरा किलोच्या जोराने ओढलं जाणार. पुढच्या चार सेकंदांत भार पुन्हा अधिक १.५ झाला, म्हणजे जे वर गेलं ते दाणकन खाली आलं. ज्यांनी पट्टे लावले नव्हते ते छतावर आपटले. ०.६ सेकंदात तर आपल्याला "अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही, हातांची पकड घट्ट करणं दूरच.

आपल्याकडेही १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या विमानात उतरताना वादळी ढगांमुळे डझनभराहून अधिक लोक जखमी झाले होते.

एवढा धोका आहे तर दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीवर न्यायला परवानगी का?

हा प्रश्न जगात पस्तीसेक वर्षं गाजतोय, आणि त्यामागे एक खरी, जड गोष्ट आहे.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि त्यात सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत चाळीसहून अधिक मिनिटं विमान हवेत सांभाळलं आणि आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानात २९६ माणसं होती. ११२ गेली, १८४ वाचली. मांडीवरची, स्वतःची सीट नसलेली चार मुलं त्या विमानात होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे क्रूने पालकांना सांगितलं की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि हातांनी दाबून धरा. आदळल्यावर दोन आयांच्या हातून मुलं सुटली आणि नंतर ती त्यांना सापडेनात. त्यांपैकी एक मूल दगावलं. मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांना बाहेर पडल्यावर त्या मुलाची आई जळत्या विमानाकडे परत जाताना भेटली. त्यांनी तिला अडवलं. जमिनीवर ठेवायची सूचना आपणच दिली होती हे ओझं ब्राउन यांनी पुढे वाहिलं, आणि प्रत्येक मुलाला स्वतःची सीट व पट्टा हवा यासाठी कित्येक वर्षं झगडल्या.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९९० मध्ये तशी शिफारस केली. १९९४ मध्ये शार्लटला झालेल्या अपघातात आईच्या मांडीवरचं नऊ महिन्यांचं बाळ गेलं, तेव्हाही हाच मुद्दा आला. पण नियम करणाऱ्या खात्याने, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, २००५ मध्ये सक्ती करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं: मुलाचं तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या कुटुंबाला तो लागू आहे. मूल मांडीवर घेऊन विमानाने जाणं हे कारसीटशिवाय (गाडीत बसवायचं मुलांचं आसन) समृद्धी महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने जाण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, यात शंका नको. पण मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला कोणी गाडीने जाणार नाही. तिथे निर्णय फक्त पैशांचा आणि माहितीचा उरतो, आणि माहिती तरी प्रत्येक पालकाला मिळायला हवी.

५ जानेवारी २०२४ ला पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीतला दरवाजाएवढा तुकडा सुमारे १४,८०० फुटांवर उडून गेला. त्या विमानात तीन बाळं मांडीवर होती. भगदाडाला लागून असलेल्या सीट सुदैवाने रिकाम्या होत्या.

भारतात नेमका नियम काय?

दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधी मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर जाऊ शकतं, आणि त्याच्यासाठी क्रू वेगळा छोटा पट्टा देतो. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतःची सीट हवीच. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. जाताना मूल २३ महिन्यांचं आणि येताना २४ पूर्ण झालेलं असेल तर परतीचं तिकीट सीटचंच काढावं लागतं. सुट्टीत परदेशातून येणाऱ्या कुटुंबांची याच ठिकाणी गडबड होते, तेव्हा वाढदिवसाची तारीख तिकीट काढतानाच बघा.

तो छोटा पट्टा, म्हणजे इन्फंट बेल्ट, नीट कसा लावायचा?

या पट्ट्याला एक वळसा शिवलेला असतो. आधी तुमचा पट्टा त्या वळशातून ओवा आणि स्वतःला कमरेशी घट्ट बांधून घ्या. मग मुलाला तोंड पुढे करून, पाठ तुमच्या पोटाला टेकवून मांडीवर बसवा आणि छोटा पट्टा त्याच्या ओटीपोटावर, शक्य तितका खाली लावा. छातीवर किंवा बरगड्यांवर नको. सैल झाला का, ते दर थोड्या वेळाने बोट घालून बघा. मुलं चुळबूळ करून जागा करून घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं: एकच पट्टा दोघांभोवती कधीही लावू नका. "माझ्या पट्ट्यातच त्याला घेते" हे मी अजूनही प्रत्येक विमानात बघते. धक्का बसला की तुमचं पन्नास-साठ किलो वजन मागून येतं आणि तो पट्टा मुलाच्या पोटात रुततो. पट्टा आणि तुम्ही, यांच्यामध्ये मूल चेपलं जातं.

क्रू बेल्ट आणून द्यायला विसरला तर आत शिरतानाच मागून घ्या. आणि झोपलं म्हणून उतरताना काढू नका.

अमेरिकेतल्या विमानात मागितला तर "देत नाही" म्हणाले. असं कसं?

दोन वेगळ्या विचारांचा हा परिणाम आहे. युरोपात मांडीवरच्या मुलाला हा पट्टा लावणं आवश्यक आहे. अमेरिकेत विमान धावपट्टीवर असताना, उडताना आणि उतरताना त्याला मनाई आहे. १९९४ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या विमानवैद्यक संशोधन संस्थेत बाहुल्या बसवून चाचण्या झाल्या. जोराच्या आघातात मोठा माणूस पुढे दुमडतो, आणि पोटाशी बांधलेलं मूल त्याच्या व पुढच्या सीटच्या मधे सापडतं, असं त्यात दिसलं.

म्हणजे हवेतल्या धक्क्यांत हा पट्टा खूप उपयोगी, आणि मोठ्या अपघातात अपुरा. माझं मत विचाराल तर जिथे पट्टा मिळतो तिथे तो लावाच, कारण धक्के बसण्याची शक्यता अपघातापेक्षा कितीतरी जास्त असते. जिथे मिळत नाही तिथे मुलाला छातीशी उभं धरा, तोंड तुमच्याकडे, एक हात डोक्या-मानेमागे, दुसरा कमरेखाली.

मग वेगळी सीट घ्यावीच का?

परवडत असेल तर घ्या. मांडीवरच्या मुलाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के पडतात आणि देशात एक ठरावीक रक्कम, त्यामुळे पूर्ण सीटचा आकडा बघून छातीत धस्स होतं हे मला माहीत आहे. आम्ही पुणे-दिल्लीला मुलगा दोन वर्षांचा होईतो मांडीवरच नेला. पंधरा-सोळा तासांच्या अमेरिकेच्या प्रवासाला मात्र सीट घेतली आणि त्यासाठी दुसरीकडचा खर्च कमी केला. अकरा-बारा किलोचं चालतं-पळतं मूल सोळा तास मांडीवर ठेवणं हे सुरक्षेच्या आधी शरीरालाच झेपत नाही. रात्री दोन वाजता आई पेंगते, हात सैल पडतात.

सीट घेतली आणि त्यात मुलाला नुसतं बसवलं, तर अर्धंच काम झालं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला विमानाचा कमरेचा पट्टा बसत नाही. त्याची कमरेची हाडं अजून इतकी उठावदार नसतात की पट्टा तिथे टिकेल. तो सरकून मऊ पोटावर येतो, किंवा मूल त्याखालून घसरतं. अमेरिकी खात्याची शिफारस वजनावर आहे: साधारण ९ किलोपर्यंत मागे तोंड असलेली कारसीट, ९ ते १८ किलोपर्यंत पुढे तोंड असलेली, आणि त्यानंतर विमानाचा नेहमीचा पट्टा.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी सीट काढताना बहुतेक संकेतस्थळं आपोआप मांडीवरचंच तिकीट देतात. फोन करून "बाळाला सीट हवी आहे, कारसीट वापरणार आहे" असं सांगा आणि ईमेलवर लेखी उत्तर घ्या. गेटवर तो ईमेल दाखवला की चर्चा दोन मिनिटांत संपते.

कोणतीही कारसीट चालते का?

नाही. विमानात आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीत कारसीट अडकवायचे, हुक नसतात आणि खांद्यावरून येणारा पट्टाही नसतो. फक्त कमरेच्या पट्ट्याने घट्ट बसेल अशीच कारसीट विमानात कामाची. भारतात आणि युरोपात मिळणाऱ्या बऱ्याच सीट गाडीच्या तीन-टोकी पट्ट्यावर किंवा आयसोफिक्सवर बेतलेल्या असतात. घरी बसून सूचना-पुस्तिकेत फक्त कमरेच्या पट्ट्याची पद्धत दिली आहे का ते शोधा.

मग सीटवर चिकटवलेलं लेबल बघा. अमेरिकी बनावटीच्या सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट मोटारगाडी आणि विमान दोन्हींत वापरायला प्रमाणित आहे. युरोपी सीटवर जर्मनीच्या ट्यूव्ह संस्थेचं विमानासाठीचं चिन्ह असू शकतं. लेबल फाटलं किंवा पुसलं असेल तर क्रू नाही म्हणू शकतो, म्हणून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, शिवाय पुस्तिकेचं ते पानही.

रुंदीही मोजा. इकॉनॉमी वर्गातली सीट सतरा-अठरा इंच रुंद असते. सोळा इंचांपर्यंतची कारसीट बहुतेक ठिकाणी बसते. पाठ नसलेली, मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट उडता-उतरताना चालत नाही, कारण तिला खांद्याचा पट्टा लागतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. इथे घेतलेल्या कारसीट आपल्या एआयएस ०७२ किंवा युरोपी मानकाच्या असतात. अमेरिकेत गाडीत वापरायला तिथल्या एफएमव्हीएसएस २१३ मानकाची सीटच लागते. तुमचा भाऊ नेवार्कला घ्यायला येणार असेल तर मुलाची कारसीट त्यालाच आधी घेऊन ठेवायला सांगा, किंवा अमेरिकी सीट मिळवून ती विमानातही वापरा. विमानतळाबाहेर पडल्या क्षणापासून ती कायद्याने लागते. आणि इथेही मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. आपण तो विसरलोय, एवढंच.

केअर्स नावाचा हार्नेस काय असतो?

विमानाच्या सीटच्या पाठीभोवती गुंडाळायचा एक पट्टा. त्यातून दोन पट्टे मुलाच्या खांद्यांवरून येतात आणि सीटच्या कमरेच्या पट्ट्याला जोडले जातात. जेमतेम अर्धा किलो वजन, पर्समध्ये मावतो. अमेरिकी खात्याने २००६ मध्ये मान्यता दिली. मूल १० ते २० किलोंचं आणि साधारण १०१ सेंटिमीटरच्या आत असावं, आणि स्वतः ताठ बसणारं असावं.

तो मुलाच्या स्वतःच्या सीटवरच चालतो, मांडीवर नाही, आणि गाडीत अजिबात नाही. बसवताना मागच्या प्रवाशाच्या ट्रेच्या आतून पट्टा न्यावा लागतो, म्हणजे ट्रे बंद झाल्यावर तो पट्ट्यावर यायला हवा. मागे बसलेल्यांना आधी नमस्कार करून सांगितलं की लोक आनंदाने सहकार्य करतात. प्रत्येक कंपनी तो स्वीकारेलच असं नाही, म्हणून इथेही लेखी उत्तर आधी घ्या. दिसायला सारखे दिसणारे, कसलीही मान्यता नसलेले स्वस्त हार्नेस ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांवर मुलाचा जीव टाकू नका.

कारसीट विमानात कुठे आणि कशी बसवू?

खिडकीशी. दुसऱ्या प्रवाशाची बाहेर पडायची वाट अडता कामा नये. आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगेतही नाही. ज्या सीटच्या पट्ट्यातच एअरबॅग असते, म्हणजे काही पहिल्या रांगा आणि बिझनेस वर्ग, तिथेही नाही.

बसवताना पट्टा कारसीटच्या ठरलेल्या खाचेतून ओवा, बकल लावा, मग गुडघा कारसीटमध्ये रोवून सगळा भार द्या आणि पट्ट्याचं टोक ओढा. सीट इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा ओढा. बकल मुलाच्या पाठीखाली येत असेल तर जाड टॉवेल घालून चालणार नाही. क्रूकडून पट्ट्याची जोड मागा, बकल बाजूला सरकतं. उतरल्यावर ते उघडताना हात पोचेना अशी वेळ येते, तेव्हा कारसीट खाली दाबा म्हणजे पट्टा ढिला होतो.

मागे तोंड असलेली सीट बसवली तर पुढच्या माणसाला पाठ मागे झुकवता येत नाही. हे उड्डाणाआधीच क्रूला सांगा, तुम्ही स्वतः वाद घालू नका. पुढे तोंड असेल तर पाय बरोबर पुढच्या सीटवर. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे, बूट काढून ठेवणं.

कोल्हापूर-जळगावला जाणाऱ्या छोट्या विमानांत?

एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानात दोन-दोन सीटच्या रांगा, सामानाचे कप्पे लहान आणि जागा अरुंद. मोठी कारसीट तिथे त्रासाची. प्रवास तासाभराचा असतो, इन्फंट बेल्ट मागून घ्या आणि चढल्यापासून उतरेपर्यंत लावलेला ठेवा.

मुलगी अडीच वर्षांची आहे. स्वतःच्या सीटवर बसते, पण बकल उघडते.

विमानाचं बकल वरची पट्टी उचलली की उघडतं, आणि दोन वर्षांच्या बोटांना ते सरावाशिवायही जमतं. पट्टा लावताना बकलची तोंडाची बाजू आत, पोटाकडे वळवा. आपल्याला उघडायला एक सेकंद जास्त लागतो, तिला सुचत नाही. पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी, खाली आणि घट्ट असू द्या. पाठीमागे उशी ठेवून तिला पुढे सरकवू नका. उशी दबली की पट्टा सैल होतो. कारसीटमध्ये विमानाचं बकल मुलाच्या हाताला लागतच नाही, म्हणून बकल उघडण्याचा प्रश्न तिथे बराच सुटतो.

बॅसिनेट मिळाला तर सगळं सुटलं ना?

झोपेपुरतं. मोठ्या विमानात भिंतीला अडकवलेला पाळणा उडताना-उतरताना वापरता येत नाही, आणि पट्ट्याचा दिवा लागला की बहुतेक कंपन्या बाळाला उचलून मांडीवर घ्यायला सांगतात. वजनाची मर्यादा सहसा दहा-अकरा किलो. चालणारं मूल त्यात मावलं तरी उठून उभं राहतं. दीड वर्षाच्या मुलासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

बेबी कॅरियर, किंवा ओढणीने बांधून घेतलं तर?

कॅरियर चालू प्रवासात हात मोकळे ठेवायला छान, पण उडताना-उतरताना मूल त्यातून बाहेर काढायला सांगतात आणि ते योग्यच आहे. त्याची शिवण आणि बकलं अशा ताणासाठी नसतात, शिवाय तुम्ही पुढे दुमडलात तर मूल तुमच्या आणि समोरच्या सीटच्या मधे.

ओढणी किंवा पदर नको. मी हे एका प्रवासात शेजारच्या बाईंना करताना पाहिलं, फार प्रेमाने त्यांनी दोन गाठी मारल्या होत्या. कापड सरकून गळ्याशी येतं, आणि धुरात बाहेर पळायची वेळ आली तर गाठ सुटत नाही.

पट्टा बघितला की हातपाय झाडतो. लावूच देत नाही.

आधी घरी. आम्ही पंधरा दिवस आधीपासून जेवणाच्या खुर्चीचा पट्टा रोज लावू लागलो, आणि "पट्टा लागला की गाडी सुटते" एवढंच एक वाक्य ठेवलं. विमानात तेच वाक्य चाललं. मुलाला बकलचा "टक" आवाज स्वतः करू द्या, एकदा, मग विषय बंद. पट्टा हा सौद्याचा विषय करू नका. "पाच मिनिटं लाव, मग काढते" म्हटलं की पुढच्या वेळी तीन मिनिटांत मागणी येते.

चढण्याच्या आधी त्याला दमवा. गेटजवळच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं पळू द्या, सगळ्यांत शेवटी आत शिरा. दोघं मोठे असाल तर एकाने आधी जाऊन कारसीट बसवावी, दुसऱ्याने मुलाला बाहेर खेळवावं. दिवा बंद असताना थोडं फिरवून आणायला हरकत नाही. उतरताना कान दुखतात, तेव्हा घोट घोट पाणी किंवा दूध द्या, बांधलेल्या अवस्थेतच.

खाऊ म्हणून राजगिऱ्याचा लाडू चुरून, केळं, मऊ थालीपिठाचे तुकडे. शेंगदाणे, फुटाणे नकोत. धक्का बसला आणि दाणा श्वासनलिकेत गेला तर तिथे दवाखाना नाही.

आणि रडू द्या. शेजारचे कपाळाला आठ्या घालतील. त्या आठ्यांसाठी पट्टा सोडू नका. मी सोडला होता.

सर्दीचं औषध देऊन झोपवलं तर?

कृपया नको. "थोडं सिरप दे, दिल्लीपर्यंत उठत नाही" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. प्रवासाच्या उलट्यांसाठी मोठ्या माणसांच्या कपाटात असणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास घातक पातळीपर्यंत मंद करू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लिहिणं सक्तीचं केलं. गुंगीतलं मूल कारसीटमध्ये मान पुढे टाकून बसलं तर श्वास अडकल्याचं बाहेरून कळतही नाही. खरंच उलट्यांचा त्रास असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मांडीवर असेल तर खिडकी बरी की वाटेकडची सीट?

खिडकी. वाटेकडून ट्रॉली जाते, मुलांची बोटं आणि पावलं तिथे चेमटतात. वरच्या कप्प्यातलं सामान पडतं ते वाटेकडच्या डोक्यावर. आणि मुख्य म्हणजे चहा. मांडीवर मूल असताना गरम चहा-कॉफी घेऊ नका, शेजारच्यालाही तुमच्यावरून कप घेऊ देऊ नका. विमानात मुलांना होणाऱ्या इजांत भाजणं फार वरच्या क्रमांकावर आहे. झोपलेल्या मुलाचं डोकं खिडकीच्या बाजूला, पाय वाटेकडे.

शक्य असेल तर पंखांच्या आसपासची रांग घ्या, शेपटाकडे हेलकावे जास्त जाणवतात. एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्यात सकाळचं विमान निवडा. दुपारनंतर ढग चढतात.

जुळी आहेत. एकाच रांगेत बसता येईल?

दोन्ही मांडीवर असतील तर बहुधा नाही. प्रत्येक बाजूच्या रांगेत सीटच्या संख्येपेक्षा साधारण एकच ऑक्सिजन मास्क जास्त असतो, म्हणून दोन बाळांचे पालक पुढे-मागे किंवा वाटेच्या पलीकडे बसतात. मास्क खाली आले तर आधी स्वतःचा लावा, मग मुलाचा. उंचावर शुद्ध राहण्याचे सेकंद मोजकेच असतात, आणि तुम्ही कोसळलात तर मुलाला लावणारं कोणी उरत नाही.

घाईने बाहेर पडायची वेळ आली तर कारसीटसकट उचलायचं?

नाही. मुलाचे पट्टे सोडा, मुलाला उचला, कारसीट तिथेच राहू द्या. घसरगुंडीवर मुलाला मांडीत घट्ट धरून बसून उतरा. त्याच्यासाठी छोटं लाइफ जॅकेट कुठे आहे हे बसल्यावरच क्रूला विचारून ठेवा.

आजी सोबत आहेत. "पाच मुलं वाढवली, मला पट्ट्याचं नका सांगू" म्हणतात.

आमच्याकडे सासूबाई हेच म्हणत होत्या, आणि त्यांना आकडे सांगून काही उपयोग झाला नाही. गोव्याला जाताना मी पट्टा लावायचं कामच त्यांच्याकडे दिलं. मोपाला उतरेपर्यंत तीन वेळा त्यांनी स्वतःहून त्याच्या पोटावरून बोट फिरवून बघितलं, आणि मी पाण्याची बाटली काढायला वाकले तर मलाच म्हणाल्या, "आधी तुझा लाव."